मगरासुराच्या मिशा

सिनेमाच्या ऑपरेटरला पब्लिकची पाठ दिसते. तोंड दिसत नाही. हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं समजेल. पडदा समोर, पब्लिक पडद्याकडे तोंड करून, आणि आम्ही सगळ्यांच्या मागे, वर, लोखंडी दाराच्या केबिनमधे. केबिनच्या भिंतीला चार भोकं. दोन मशीनच्या उजेडासाठी, दोन आमच्या डोळ्यांसाठी. छत्तीस वर्षं मी त्या भोकातून पाठी बघितल्या. टकली, टोप्या, साफे, खोपे. कोण हसतंय, कोण रडतंय, कोण झोपलंय, मला पाठीवरून कळतं. हसणाऱ्याचे खांदे उडतात. रडणारा मान खाली घालत नाही, उलट ताठ बसतो, शेजाऱ्याला कळू नये म्हणून.

मी चौथी पास आहे. शुद्धलेखन आपल्या मराठी मंडळाच्या बाई बघून घेतील. त्या उज्जैनला, नानाखेड्यातल्या माझ्या घरी आल्या होत्या, म्हणाल्या, "काका, एवढी वर्षं टॉकीजमधे होतात, दिवाळी अंकाला नटनट्यांच्या गमती लिहून द्या." बाई, मी एकही नट समोरासमोर बघितला नाही. एक बघितला म्हणता येईल, त्याच्या फक्त मिशा बघितल्या. त्याचं पुढे येईल.

माझी बायको गोदा गेल्या माघात गेली. लोक येतात आणि म्हणतात, वेळ हेच औषध. ज्यांची बायको जिवंत आहे तेच हे म्हणतात. मला लिहायचं आहे ते एवढंच, की मी गोदासाठी सिनेमे कापायचो. तिची एक गंमत टिकावी म्हणून. ती टिकली नाही. त्यात माझी चूक किती आणि वयाची किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता मगरासुर कोण, ते सांगतो. आजच्या पोरांना माहीत नाही. तेव्हा मुंबईची एक कंपनी राक्षसाचे सिनेमे काढायची. धड माणसाचं, तोंड आणि शेपूट मगरीचं. पाण्यातून निघायचा, गावं उलथीपालथी करायचा, राजाची मुलगी पळवायचा आणि शेवटी मरायचा. पब्लिकला इतका आवडला की कंपनीने त्याला मरू दिलं नाही. मग दुसरा भाग, तिसरा भाग, मग मुलगा, असं पंधराएक वर्षं चाललं.

पहिला भाग आला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात. सगळ्यात स्वस्त जागा पडद्याच्या पुढ्यात, जमिनीवर. तिथून मान वर करून बघायचं. पाणी हललं, बुडबुडे आले, आणि ते डोकं जे वर आलं ते माझ्यावरच आलं. माझी चड्डी ओली झाली. लिहायला लाज वाटत नाही, कारण शेजारच्यांचीही झाली होती, आणि ती जागा उताराची होती.

त्यानंतर तीन-चार वर्षं मी क्षिप्रेवर अंघोळीला गेलो की पहिला तांब्या मगरासुराच्या नावाने परत पाण्यात सोडायचो, म्हणजे तो पाय धरणार नाही. वडील विचारायचे, "काय रे, सूर्याला देतोस का?" मी हो म्हणायचो. खरं सांगतो, त्या वेळची भीती मला आजसुद्धा हवी आहे. पाण्यात पाय घालताना पोटात जे व्हायचं, तसं पुढे कशानेच झालं नाही. देवळात झालं नाही, लग्नात झालं नाही.

ती भीती गेली कशी तेही सांगतो. वडील गेले, शाळा सुटली, मी टॉकीजमधे रिळं गुंडाळायला लागलो. ऑपरेटर होते हमीदउस्ताद. तोंडात कायम पान, हात सोन्यासारखे. पहिला भाग परत लागला होता. मी आपला भोकाला डोळा लावून उभा, दोन्ही हातांनी भिंत धरून. उस्तादांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रीळ टेबलावर उलगडलं, पट्टी दिव्यासमोर धरली आणि हातात भिंग दिलं.

"ले, मिल ले अपने राक्षस से."

चार चित्रं होती. मगरासुर जबडा उघडून ओरडतोय. आणि त्या जबड्याच्या आत, घशाच्या जागी, एका माणसाचं तोंड. काळ्याभोर मिशा, टोकं वर वळवलेली.

"आदमी है," मी म्हटलं.

"और क्या मगर नौकरी करेगा?" उस्ताद हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. "रोता क्यों है, गधे?"

त्या दिवसापासून मी तांब्या सोडला नाही, आणि अंघोळीत काही मजा उरली नाही.

मग स्वातंत्र्य आलं. आमच्या केबिनमधे स्वातंत्र्य असं आलं, की खेळाआधी पडद्यावर महाराजांच्या फोटोची काच दाखवायचो, ती काढून झेंड्याची काच लावायची. पुढे संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झालं, तेव्हा आणखी एक काच. उस्ताद त्या गडबडीत भावाच्या मागे कराचीला निघून गेले. जाताना पान थुंकून आले, दोन्ही मशीनना हात लावला आणि मला म्हणाले, "जलाना मत." त्यांची जागा मला मिळाली. तशी मिळायला नको होती.

तीनेक वर्षांनी माझं लग्न झालं. गोदा शाजापूरची. तिचे वडील तिथे कचेरीत कारकून. आठ-दहा दिवस आम्ही एकमेकांशी काय बोलावं हेच कळत नव्हतं. मी मुळात तुटक बोलणारा. एक दिवस ती चूल फुंकता फुंकता म्हणाली, "अहो, एक विचारू? हसणार नाही ना?"

"विचार."

"आमच्या शाजापूरला तंबूत सिनेमा आला होता. मी लहान होते. ते मगरासुर. ते जनावर एरवी कुठं ठेवलेलं असतं?"

माझ्या तोंडावर आलं होतं, जनावर कुठलं, माणूस आहे, मिशा आहेत त्याला. उस्तादांनी मला सांगितलं तसं. पण ती फुंकणी हातात धरून माझ्याकडे बघत होती आणि ते बघणं मला ओळखीचं होतं. मी म्हटलं, "मुंबईला. समुद्राला लागून एक कुंड बांधलंय."

"खायला काय घालतात?"

"बोकड."

"रोज?"

"एकादशी सोडून."

तिने थोडा विचार केला. "तरीच," म्हणाली.

तरीच काय, ते मी विचारलं नाही. पण तिथून आमचं बोलणं सुरू झालं. रोज नवा प्रश्न. शेपूट तुटली तर पुन्हा येते का. पाळणारा माणूस आहे का. त्याला मगरासुर ओळखतो का. मी उत्तरं द्यायचो. आयुष्यात मी एवढं खोटं कधी बोललो नव्हतो आणि एवढं बोललोही नव्हतो. गोदा बावळट होती असं समजू नका. बाजारात भाजीवाल्याला ती रडवायची. रामलीलेतला रावण कोणत्या गल्लीतला हे तिला माहीत होतं. पण पडद्यावर जे आहे ते कुठेतरी असणारच, असं तिचं म्हणणं. नाहीतर फोटो कशाचा काढला?

आणि मग तिसरा भाग आला. माझा घोटाळा इथे सुरू झाला.

बाहेरच्या माणसाला आमचं काम थोडं सांगायला हवं. फिल्म म्हणजे लांबलचक पट्टी, तिच्यावर ओळीने छोटी छोटी चित्रं. सेकंदाला चोवीस चित्रं उजेडासमोरून जातात, म्हणून हलल्यासारखं दिसतं. पट्टीच्या दोन्ही कडांना भोकं, मशीनच्या दात्यांत बसायला. एकच प्रिंट गावोगाव फिरते, त्यामुळे आमच्याकडे येईपर्यंत भोकं फाटलेली असतात. ऑपरेटरने नवं रीळ आलं की आधी बोटांतून सरकवून तपासायचं. फाटलेला तुकडा कात्रीने काढायचा, दोन्ही टोकं ब्लेडने खरवडायची, मसाला लावायचा आणि दाबून धरायचं. याला जोड म्हणतात. मसाल्याला पिकलेल्या केळ्याचा वास येतो. गोदा म्हणायची, "तुमच्या अंगाला शिकरणाचा वास येतो." आमच्या धंद्याचा एकच धर्म, फाटलेलं कापायचं, चांगलं कापायचं नाही. चार चित्रं गेली तर पब्लिकला कळत नाही, पण ती तुझी नव्हेत.

तिसऱ्या भागाची रिळं तपासताना मी कपाळाला हात लावला. कंपनी कंजूष झाली होती. पहिल्या भागात मिशा चार चित्रांत दिसायच्या, इथे जबडा उघडला की मिशा. पायाच्या तळव्याला कॅनव्हासच्या बुटाचा रबर. शेपटीला दोरी. आणि गोदा दुसऱ्या दिवशी मॅटिनीला यायची होती, शेजारच्या दामलेमामींबरोबर, जनान्यात, म्हणजे बायकांच्या जागेत. पंधरा दिवस तिच्या तोंडात दुसरं काही नव्हतं.

मी कात्री घेतली. मिशा काढल्या. रबर काढला. दोरी काढली. जोड लावले. दुपारी दोनपर्यंत बसलो होतो.

जनाना आमच्या केबिनच्या खाली उजवीकडे. मी तिला खोप्यावरून ओळखायचो, त्यात तगरीचं फूल असायचं. पाणी हललं. तिची पाठ ताठ झाली. डोकं वर आलं, तशी तिने पदराचं टोक दातात धरलं, ते मला मागून कळलं, कारण पदर खांद्यावर ताणला गेला. मग तिने दामलेमामींचा दंड असा पकडला की मामी ओरडल्या, "अगं सोड मेले, मला का खातेस!" पडद्याकडे मी बघितलंच नाही. त्या पाठीकडे बघून माझ्या पोटात तेच झालं, क्षिप्रेत पाय घालताना व्हायचं ते. माझं मला येत नव्हतं, ते तिच्याकडून यायला लागलं. मला तेवढं पुरे होतं.

गंमत अशी झाली की कापल्यामुळे सिनेमा चांगला झाला. ओरडायच्या आधीच जबडा बंद, म्हणजे तो आता कुठे जाईल याचा पत्ता नाही. भैरवगढचे छीपे, कापडावर छपाई करणारे, कोपरापर्यंत रंगलेल्या हातांचे, सुट्टीच्या दिवशी टोळीने यायचे. ते म्हणायचे, "इंदौर को मगरासुर तो ठीक है भिया, पण उज्जैन को खतरनाक है." मला आतून गुदगुल्या व्हायच्या.

पण एक चूक झाली. शेवटी मगरासुर भाला लागून पाण्यात पडतो. त्या कातड्यात पाणी शिरलं असावं, कारण आतल्या माणसाने जीव वाचवायला मुंडकंच वर ढकललं, आणि मिशांसकट सगळा माणूस धापा टाकताना दिसतो. कंपनीने ते तसंच ठेवलं होतं. मी ते मरणच काढून टाकलं. म्हणजे उज्जैनमधे काय दिसलं? राजपुत्राने भाला उचलला, आणि एकदम लग्नाची वरात.

खाली पब्लिकमधे वाद सुरू. "मर्यो के नी मर्यो?" "भालो तो फेंक्यो!" "लग्यो कां?" आणि दोन वर्षांनी 'मगरासुर का बेटा' आला, त्यात पहिल्याच रिळात मुलगा बापाच्या नावाने रडतो. उज्जैनचं पब्लिक खवळलं. एक जण उभा राहून ओरडला, "अबे रोता क्यों है, तेरा बाप तो जिंदा है!"

मॅनेजरसाहेब वर आले. उत्तरेकडचे, सज्जन माणूस. "ऑपरेटर, ये क्या चक्कर है? इंदौरवाले कहते हैं वहाँ तो मर गया था."

मी म्हटलं, "वहाँ की हवा खराब है साहब."

ते मान हलवत खाली गेले. आणि पुढची गोष्ट अशी की तिसऱ्या भागाची तीच कापलेली प्रिंट आमच्याकडून पुढे आगरला, शाजापूरला गेली होती. म्हणजे तिकडेही तो मेला नाही. सासरेबुवांनी गोदाला पत्रात लिहिलं, तुझा मगरासुर वाचला हो. ते पत्र तिने मला दोनदा वाचून दाखवलं.

हसायची गोष्ट इथे संपते.

मुलाच्या भागात कंपनीची आणखी वाट लागली होती. डोंगर जुन्या सिनेमातले, पूर जुन्या सिनेमातला, कातड्याला ठिगळं. मी इतकं कापलं की एकेका रिळात चाळीस-चाळीस जोड झाले. जोड म्हणजे पट्टीची जाड जागा. अशा जागा फार झाल्या की फिल्म अडते. आणि त्या वेळची जुनी फिल्म कशी होती, हेही सांगायला हवं. ती पेटली की पाण्यात बुडवली तरी विझत नाही. मशीनमधे उजेड बल्बचा नसतो, कोळशाच्या दोन कांड्यांमधे विजेची ठिणगी पेटती ठेवतात, सूर्यासारखी. फिल्म पळत असते म्हणून वाचते. थांबली की संपली.

पहिल्या आठवड्यातल्या रविवारच्या मॅटिनीला मी भोकाला डोळा लावून गोदाची पाठ बघत होतो. नजर मशीनवर हवी होती. जोड चौकटीत अडकला. पडद्यावर मगरासुराचा पोरगा थिजला, त्याच्या कपाळावर तपकिरी डाग पडला, डाग पसरला, मधे भोक पडलं. पब्लिकला वाटलं सिनेमातच आहे. टाळ्या पडल्या. मी उजेडाची झडप पाडली, मोटार बंद केली, आणि खालून जळत निघालेली पट्टी रिळाच्या डब्यात शिरायच्या आत उजव्या मुठीत धरून तोडली. मूठ उघडायला विसरलो. आग लागली की भोकं बंद करायला वर टांगलेले पत्रे धाडधाड खाली पडले. कोणीतरी ओरडलं, आग.

दोन मिनिटांत केबिनच्या दारावर थापा. "अहो! अहो, दार उघडा!"

दार उघडलं तर वारा आत येणार. मी आतून ओरडलो, "मर जा, खाली जा!" बायकोला दिलेली आयुष्यातली सगळ्यात घाण शिवी त्याला जोडून दिली, ती इथे लिहीत नाही. वाळूची बादली ओतली. धूर खाली बसला तेव्हा दार उघडलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली होती, दोन्ही हात कानांवर. उठली, माझी मूठ बघितली, आणि ती आपल्या पदरात धरून मला घरी घेऊन आली.

जोड बघून मॅनेजरसाहेबांना सगळं कळलं. "किसने लगाए इतने?" मी म्हटलं, "मैंने." त्यांनी काढलं नाही मला. एवढंच म्हणाले, "शौक घर पर रखा करो." महिना-सव्वा महिना गोदा मला स्वतःच्या हाताने भरवत होती. मला लाज वाटायची. ती विचारायची, "कशी काय हो लागली आग?" मी म्हणायचो, "जुनी फिल्म." मगरासुराबद्दल त्या महिन्यात तिने एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या ते लक्षात आलं होतं. मी स्वतःला सांगितलं, हात बरा झाला की विचारेल.

मग मध्यभारत मोडलं आणि मध्यप्रदेश झालं. आणखी एक काच बदलली. कचेऱ्या भोपाळला गेल्या, त्यांच्यामागे आपली अर्धी मराठी मंडळी गेली. दामलेमामी गेल्या. जनान्यात आपल्या बायका मोजक्या राहिल्या. त्याच हिवाळ्यात शेवटचा भाग आला. आम्हाला दोन पोरं झालेली. मी गोदाला म्हटलं, "मगरासुर लागलाय, ये." ती म्हणाली, "येते." पूर्वी ती तारीख विचारायची, वेळ विचारायची, साडी काढून ठेवायची. मी म्हटलं, आता घरची कामं वाढली आहेत.

ती रिळं मी आदल्या दिवशी एकट्याने तपासली. भिंग लावून जबड्यात बघितलं. मिशा तिथेच होत्या. पांढऱ्या झाल्या होत्या. टोकं वर वळवलेली नव्हती, खाली पडलेली. तोच माणूस होता, पंधरा वर्षं त्या कातड्यात ओरडत होता. एका चित्रात तो ओरडत नव्हता, तोंड मिटून नुसता आतून बाहेर बघत होता. ते चित्र मी खूप वेळ बघितलं. त्याला सांगावंसं वाटलं की बाबा, तुझ्या भीतीने मी चड्डी ओली केली आहे, पाण्यात तुझ्या नावाने तांब्या सोडला आहे. मग ते कापलं. पण या वेळी जपून. अगदी थोडं कापलं, आणि प्रत्येक जोड नखाने तीनदा तपासला.

मॅटिनी सुरू झाली. खाली सत्तर-ऐंशी माणसं. पोरं शिट्ट्या मारत होती, कोणी घाबरत नव्हतं. मशीन नीट चालतंय बघून मी भोकाला डोळा लावला. पाणी हललं. बुडबुडे आले. मी जनान्यात बघितलं, खोपा शोधला, फूल शोधलं. दिसेना.

मला गोदाचं तोंड दिसलं.

ती खुर्चीत पूर्ण मागे वळून बसली होती. पडद्याकडे पाठ. मगरासुर तिच्या मागे पाण्यातून निघत होता, त्याचा उजेड तिच्या एका गालावर पडत होता, आणि ती वर, भोकाकडे बघत होती. मी तिला दिसत नव्हतो. आतून उजेड डोळ्यावर येतो, बाहेरच्याला केबिनमधलं काही दिसत नाही. ती नुसती भोकांवरचे पत्रे खाली पडले तर नाहीत ना, ते बघत होती. अडीच तास ती तशी बसली. मधे एकदा फिल्म जराशी खडखडली, तेव्हा तिने पदराचं टोक दातात धरलं.

सिनेमा सुटल्यावर आम्ही बरोबर घरी निघालो. देवास गेटपाशी मला राहवलं नाही. "आवडला नाही का?"

"आवडला की."

"काय झालं शेवटी?"

तिने पदर सावरला. मी चिडलो. "तू बघितलाच नाहीस! मी वरून बघत होतो. मी तुझ्यासाठी..." आणि मग सगळं बाहेर आलं. मिशा, बुटाचा रबर, दोरी, कापलेलं मरण, चाळीस जोड. रस्त्यात उभं राहून सांगितलं. टांगेवाला "हटो भिया" म्हणून ओरडत होता.

तिने सगळं ऐकलं. "म्हणजे आग माझ्यामुळे लागली," म्हणाली.

"तसं नाही."

"मग कसं? मी सांगितलं होतं कापायला?"

"तुला मजा यायची."

"यायची हो," ती म्हणाली. "तुम्ही वर जळू शकता हे माहीत नव्हतं तोवर यायची. आता मी त्याला घाबरू की वरच्या आगीला?" मग चालायला लागली. चार पावलं गेल्यावर मागे न बघता म्हणाली, "आणि तुमचं लक्ष माझ्याकडे असतं, म्हणून ते पेटतं. उद्यापासून मी टॉकीजमधे येत नाही. तुम्ही मशीनकडे बघा."

मला वाटलं रागाने बोलते आहे, महिन्या-दोन महिन्यांत येईल. ती आली नाही. मी पुढे सत्तावीस वर्षं मशीन चालवलं. तिने सांगितलं तसं मशीनकडे बघितलं. एकदाही फिल्म जळली नाही. मगरासुराची कंपनी बुडाली, रंगीत सिनेमे आले, पेटणारी फिल्म जाऊन न पेटणारी आली. ही नवी फिल्म आली त्या दिवशी मी घरी येऊन सांगायला हवं होतं की गोदा, आता भीती नाही, चल. मी सांगितलं की आजपासून वाळूच्या बादल्या भराव्या लागणार नाहीत. ती म्हणाली, बरं झालं.

दोन खेळांच्या मधे मी घरी चहाला यायचो. रोज ती विचारायची, "आज कोणता लागलाय?" मी नाव सांगायचो. "कसा आहे?" मी म्हणायचो, "मशीन ठीक चाललं." गाळणी कपावर तशीच धरून ती थोडा वेळ थांबायची, मी पुढे काही सांगेन म्हणून. मग चहा गाळायची.